शंभरापर्यंतची हवा

माझी सून मला अधूनमधून हसते. तिचा चष्मा जेवणाच्या टेबलावर पडलेला असतो, मला तिथे ताट ठेवायचं असतं, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारतो, "चष्म्याला हात लावू का?" ती म्हणते, बाबा, चष्माच आहे, विंचू नाही. तिचं बरोबर आहे. पण ही खोड मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी लागली ती लागली, आणि ज्यांनी लावली त्यांचं नाव तुळशीराम खंडारे. समुद्रापासून शेकडो मैल दूर, काळ्या मातीच्या आमच्या वऱ्हाडात, ते सरकारी डायव्हर होते.

यात गंमत वाटण्यासारखं आहे हे मला मान्य आहे. मलाही वाटली होती. मी अकोल्याचा, शाळामास्तरचा मुलगा. नवा नवा ओव्हरसियर होऊन अमरावतीजवळच्या एका तलावावर हजर झालो, त्याला आता खूप वर्षं झाली. पन्नासचं दशक संपत आलं होतं. तलावाचं पाणी शहरात प्यायला जायचं. काठापासून थोडं आत एक दगडी विहीर बांधलेली होती आणि तिच्या तळाशी, चाळीस फुटांवर, पाणी घ्यायची लोखंडी झडप होती. झडपेत काही अडकलं की कोणीतरी खाली जाणं भाग असे. त्यासाठी खात्याने मुंबईच्या गोदीतून एक जुना पोशाख आणला होता: रबरी अंगरखा, शिशाचे बूट, छातीवर बांधायची शिशाची वजनं, तांब्याचा गोल टोप आणि दोन मोठ्या चाकांचा हातपंप. दोघांनी चाकं फिरवायची, नळीतून हवा टोपात जायची. या सामानाबरोबरच खंडारे आले होते. सामान आणि माणूस एकाच ट्रकमधून उतरले, असं चौकीदार सांगायचा.

पहिल्याच दिवशी मी शेडमध्ये गेलो. टोप घडवंचीवर ठेवलेला होता, पुढे जाळी लावलेली गोल काच, बाजूला दोन छोट्या काचा. मी साहेबी थाटात त्याच्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं. मागून आवाज आला.

"साहेब, तुमच्या डोक्शावर मी अशी टकटक करू काय?"

वळून पाहिलं तर पंचेचाळिशी ओलांडलेला एक बुटका, रुंद छातीचा माणूस धोतराच्या फडक्याने नळी पुसत बसलेला. चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी खरोखरच विचारलं होतं आणि ते उत्तराची वाट पाहत होते. मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, मग त्यालेबी नका करू. आणि नळी पुसायला लागले. माझ्या हाताखालच्या माणसाने पहिल्याच दिवशी माझी अशी कानउघाडणी केली म्हणून मला राग यायला हवा होता. तो मला संध्याकाळी घरी गेल्यावर आला, आणि तेव्हा खंडारे समोर नव्हते.

मग मी त्यांच्यावर नजर ठेवली, चूक काढण्यासाठी. आठवडाभरात एवढंच कळलं की हा माणूस कोणाच्याच वस्तूला विचारल्याशिवाय हात लावत नाही. माझी सायकल दारात आडवी लावलेली असली तर ती बाजूला सरकवणार नाहीत, मला शोधत येतील आणि म्हणतील, "सायकलले हात लावू काय, साहेब?" चौकीदाराची काठी, मजुराची टोपली, माझी पेन्सिल, सगळ्यांना हाच प्रश्न. विचारताना वस्तूकडे नाही, माणसाच्या तोंडाकडे पाहत. उत्तर मिळेपर्यंत हात मागे. चौकीतल्या पाण्याच्या माठापाशीही ते रोज विचारायचे. चौकीदार सुरुवातीला हो म्हणायचा, मग कंटाळून नुसता हुं करायचा, मग तेही बंद केलं. खंडारे उभेच राहिले. शेवटी चौकीदाराला हो म्हणावं लागलं.

खंडाऱ्यांचं घर वलगावच्या बाजूच्या एका खेड्यातलं. छप्पनच्या दीक्षेत सगळं कुटुंब बौद्ध झालेलं. लहानपणी गावच्या विहिरीला हात लावायची त्यांना बंदी होती, पोहायला शिकले ते पेढी नदीच्या डोहात. हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्यामुळे मी माझ्या मनाशी एक सोयीचा अर्थ लावून घेतला होता, की विचारून हात लावण्याची ही सवय म्हणजे जुन्या काळचं दबून राहणं, बिचाऱ्याच्या अंगवळणी पडलेलं. मला त्यांची दया आली. दया करणाऱ्याला जसं वाटतं तसं मला फार बरंही वाटलं.

माझा तो गैरसमज त्यांना खाली उतरताना पाहिलं तेव्हा गेला. त्या दिवशी त्या बांधावर खंडाऱ्यांपेक्षा मोठा कोणी नव्हता. पंपाच्या वीस पावलांत विडी नाही. पंप फिरवणाऱ्यांनी सकाळपासून कच्चा कांदा खायचा नाही. यावर मोठी कुरकुर असे, कारण भाकरीबरोबर कांदा नाही म्हणजे आमच्याकडच्या माणसाला जेवल्यासारखंच वाटत नाही. ते स्वतः साबण लावून आंघोळ करायचे, कारण लोकांचं प्यायचं पाणी. मग नळी हातभर हातभर तपासायची. पंपाच्या दट्ट्यावरचे चामड्याचे वायसर बोटाने दाबून पाहायचे, त्यांना तिळाचं तेल, तेही थेंबभर. नळीच्या तोंडाशी नाक, मग गाल. आणि हे सगळं झाल्यावर शेवटची गोष्ट, जिच्याशिवाय ते पायऱ्यांकडे वळत नसत. पंप फिरवणाऱ्यांपैकी एकाने तो टोप आपल्या डोक्यावर घ्यायचा आणि दुसऱ्या दोघांनी पंप चालवत असताना शंभर आकडे होईपर्यंत आतली हवा घ्यायची.

हे त्यांना गोदीतल्या उस्तादाने शिकवलं होतं, रत्नागिरीकडचे एक म्हातारे मुसलमान डायव्हर. खंडारे त्यांचं वाक्य वऱ्हाडीत सांगत: "जो हवा देते, त्यानं आधी सोता खाऊन पाहावी." हवा खाणे हा आपल्याकडे बागेत करायचा उद्योग. खंडाऱ्यांकडे ती रीतसर कामाची पायरी होती.

आणि याच पायरीवर गाडी अडली. पंपावर तीन माणसं होती. त्यांतला मुख्य गुलाबराव, तलावाखालच्याच गावचा, पाच-सात एकर काळ्या रानाचा धनी, तिशीतला, दोन पोरांचा बाप. खात्यात हंगामी कामाला यायचा. चाकावर त्याच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता, चाल कमीजास्त व्हायची नाही. पण टोप डोक्यावर घ्यायला तो तयार होईना. आजवर तिसऱ्या मजुराने ते काम केलं होतं, तो काम सोडून गेला, त्याच्या जागी आलेला पोरगा नवखा होता, म्हणून पाळी गुलाबरावावर आली. गुलाबराव म्हणाला, मले कोंडल्यावानी होते. कशाने कोंडल्यासारखं होतं हे बांधावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. तो टोप खंडाऱ्यांच्या डोक्यावरचा होता, त्यांच्या श्वासाचा, त्यांच्या घामाचा.

कमरेपर्यंत रबरी पोशाख चढवलेला, तसेच खंडारे बांधावर बसून राहिले. मी म्हणालो, खंडारे, मी घेतो टोप. ते म्हणाले, तुमी पंप चालवता काय? नाई ना. मग तुमचं नाई काम. दुपार झाली. उन्हाने रबर तापलं असणार. जेवायच्या सुट्टीनंतर गुलाबराव मान खाली घालून आला.

"टोप धून घेतो मी आधी," तो म्हणाला.

"घे धून," खंडारे म्हणाले. "पन आतली हवा कशी धुशीन? ते तं तुह्याच हातची हाये."

मग गुलाबरावाने टोप धुतलाच नाही. उचलून खांद्यावर घेतला, आणि मी नि खंडारे पंपाला लागलेल्या दोघा मजुरांकडे पाहत राहिलो. वीस झाले, पन्नास झाले, शंभर झाले. गुलाबराव टोप काढेना. खंडाऱ्यांनी काचेवर बोट नेलं पण टेकवलं नाही, समोर हात हलवला. दीडशेच्या पुढे केव्हातरी तो बाहेर आला, केस घामाने चपटे झालेले, आणि पोराने पहिल्यांदा रेल्वे पाहावी तसा चेहरा. म्हणाला, "आपलाच जीव ऐकू येते बाप्पा याच्यात." त्या दिवसापासून हवा तपासण्याचं काम त्याने दुसऱ्याला करू दिलं नाही. घरी बायकोने काय म्हटलं, आईने किती दिवस ताट वेगळं वाढलं, हे मला नंतर कळलं. महिना-दीड महिना गेला असेल. मग म्हातारीही थकली.

शहरातही एका गृहस्थांना प्रश्न पडला होता की पिण्याच्या पाण्यात असा माणूस उतरतो हे बरं का. ते कचेरीत आले होते, मोठे सभ्यपणे बोलत होते. मी तोंड उघडण्याच्या आत खंडारे दारातून म्हणाले, "पाण्याले मी लागतच नाई बाप्पा. रबर लागते." गृहस्थ गेले. खंडारे दिवसभर मधूनच हसत होते. मला मात्र हसू आलं नाही, मला लाज वाटली, कारण त्या गृहस्थांनी नमस्कार करताना मीही हात जोडले होते.

एकदा गुलाबरावाने त्यांना विचारलं की विचारल्याशिवाय हात लावायचा नाही हे तुमचं एवढं काहून. तेव्हा त्यांनी मुंबईतल्या एका सोबत्याची गोष्ट सांगितली. त्याच्या टोपाची, हवा बाहेर सोडायची एक चकती कोणी तरी सहज जाता जाता आवळून ठेवली होती, सैल वाटली म्हणून. ती सैल असायलाच हवी होती. सोबती वर आला तो मेलेला, ओढून काढलेला. "वाईट मनानं हात लावनारा दुरून दिसते," खंडारे म्हणाले. "चांगल्या मनानं लावनारा दिसत नाई." हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पुढे जे मी केलं त्यात मला ऐकलं नव्हतं म्हणायची सोय नाही.

झालं असं की वरून पत्र आलं. तलाव एक, झडप एक, डायव्हर वर्षातून चार-पाच वेळा उतरणार, तर हे पद ठेवायचं कशाला? मोठे साहेब येऊन पाहतील आणि ठरवतील. पद गेलं तर सामान परत मुंबईला जाणार आणि खंडारेही सामानामागोमाग. गोदीत त्यांना काम मिळालं असतंच. पण ते मुंबई सोडून आले होते ते म्हाताऱ्या आईसाठी. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं, आणि तिने एकदाच मुंबई पाहून, म्हणजे ऐकून, पुन्हा तिथे पाय ठेवणार नाही असं सांगितलं होतं. खंडारे दर शनिवारी सायकलवर गावी जायचे, आईला पेढीच्या काठी घेऊन बसायचे. पत्र वाचून दाखवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, माय मले आता ओळखाले लागली होती आवाजावरून, ते एक बरं झालं होतं.

तेव्हा माझ्या मनाने घेतलं की मोठ्या साहेबांपुढे सगळं चकचकीत दिसलं पाहिजे. टापटीप ही माझी लहानपणापासूनची हौस. वडील रविवारी सायकल उघडून रॉकेलने धुवायचे आणि मी फडकी पुरवायचो. खंडारे भाचीच्या लग्नासाठी दोन दिवस रजेवर गेले होते, शेडची किल्ली माझ्याकडे होती. मी चिंच आणि राखेने पंपाची पितळ घासली. मग वाटलं, आतही तेलाचा काळा थर आहे. मी पंप उघडला, रॉकेलने आतून धुतला, पुसून कोरडा केला आणि जसा होता तसा बसवला. हे सगळं मी शीळ घालत केलं, हेही सांगून टाकतो.

खंडारे ज्या सकाळी परत आले त्याच सकाळी साहेब यायचे होते. योग असा की आदल्या दिवसापासून झडप अर्धीच उघडत होती, शहराच्या वरच्या भागात नळाला पाणी नव्हतं, आणि एप्रिलचं ऊन होतं. म्हणजे साहेब पाहायला येणार आणि काम खरंच निघालेलं. मला तर तो शुभशकुनच वाटला. खंडारे पंपापुढे थांबले. म्हणाले, "चमकून राह्यला." मी म्हणालो, बाहेरून जरा घासलाय. हे खोटं नव्हतं, निम्मं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बहुतेक पुढे विचारणार होते, पण तेवढ्यात बांधावर जीप आली.

त्यांनी नळीला नाक लावलं. पण मी साहेबांच्या स्वागतासाठी शेडपासून बांधापर्यंत फिनाईल शिंपून ठेवलं होतं. कशालाच कशाचा वास येत नव्हता. मग गुलाबरावाने टोप घेतला, दोघांनी चाकं धरली आणि मोजणी सुरू झाली. साहेब घड्याळ पाहत होते. त्यांनी मला हळूच विचारलं, हा काय प्रकार? मी अभिमानाने समजावून सांगत होतो. पंप तापायला लागला होता. चाळीसच्या सुमाराला गुलाबरावाने हात वर केला.

त्याने टोप काढला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. "वास येऊन राह्यला," तो म्हणाला. "डोकं धरलं माह्यं."

खंडाऱ्यांनी पायांतले शिशाचे बूट सोडायला सुरुवात केली. साहेब पुढे आले. ते वाईट मनुष्य नव्हते. शहरात पाणी नाही, वरून विचारणा होत होती, त्यांना संध्याकाळी दुसरीकडे जायचं होतं. ते म्हणाले, थोडासा वास आहे, दहा मिनिटांचं काम, उतरून घे. खंडारे म्हणाले, "उतरलो असतो साहेब. पन मंग पानी बी नाई आन् मी बी नाई." साहेबांचा चेहरा कडक झाला. त्यांच्या खिशात कुठेतरी ते पत्र होतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. खंडाऱ्यांनाही होतं. त्यांनी दुसऱ्या पायाचा बूट सोडला.

"पंपाला हात कोणी लावला?" साहेबांनी विचारलं.

गुलाबरावाकडे, मजुरांकडे, चौकीदाराकडे साहेबांची नजर फिरली, आणि माझ्यावरून तशीच पुढे गेली, कारण मी ओव्हरसियर होतो. तेव्हा खंडारे म्हणाले, "कोनं लावला ते मी नाई पुसत. काय लावलं ते सांगा. मले मानूस नाई पाह्यजे, तेल पाह्यजे."

"रॉकेल," मी म्हणालो. "मी लावलं. आतून."

मला वाटलं होतं जमीन दुभंगेल. काहीच झालं नाही. खंडाऱ्यांनी मान डोलावली, जणू मी त्यांना हवा तो पाना हातात दिला. गुलाबरावाला रिठ्याचं पाणी उकळायला सांगितलं. पंप पुन्हा उघडला, तीन पाण्यांनी धुतला, उन्हात वाळवला. पण दट्ट्याचं चामडं रॉकेल प्यायलं होतं, ते बदलायलाच हवं होतं, आणि नवं चामडं शहरात जाऊन आणायला वेळ नव्हता. खंडारे इकडेतिकडे पाहत होते. त्यांची नजर माझ्या खांद्यावरच्या पिशवीवर थांबली. मऊ, जाड, तपकिरी चामड्याची पिशवी. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी अकोल्याला सांगून करून घेतलेली. त्यांनी हातात सुरी घेतलेली होती, पाणी थांबलेलं, साहेब ताटकळलेले, चूक सरळसरळ माझी. एवढं असूनही ते माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "हात लावू काय?"

मी पिशवी काढून दिली. मला रडू आलं, आणि ते पिशवीसाठी नव्हतं.

वायसर कापून, तेलात मुरवून, बसवून होईपर्यंत तीन वाजले. गुलाबरावाने पुन्हा टोप घेतला आणि शंभर पूर्ण केले. साहेबांनी या वेळी घड्याळ पाहिलं नाही. ते स्वतः ओठांतल्या ओठांत मोजत होते, मी पाहिलं. खंडारे उतरले. पाण्यावर बुडबुडे आले, दोर गुलाबरावाच्या बोटांवर. दोराला एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे हवा वाढवा, चार म्हणजे वर घ्या. अर्धा तास एकेक झटका येत राहिला. मग चार आले. वर आले तेव्हा त्यांच्या हातात बाभळीचा एक कुजलेला ओंडका होता. झडप पूर्ण उघडली, आणि तिच्यातून सुटलेल्या पाण्याचा घुमणारा आवाज बांधावर ऐकू आला. साहेब काही न बोलता जीपमध्ये बसले आणि गेले. त्या न बोलण्याचा अर्थ आम्ही तीन महिने लावत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो. खंडारे टोप पुसत होते. मी बरंच बोललो असेन. त्यांनी ऐकून घेतलं.

"निम्मं सांगतलं तुमी," ते म्हणाले. "हवा निम्मी खराब असली तं मानूस निम्मा नाई मरत, साहेब. पुरा मरते."

त्यानंतर मी रोज शेडमध्ये जायचो आणि विचारायचो, पंपाला हात लावू का? ते म्हणायचे, नाई. चिडून नाही, कुढून नाही. मी विचारायचा हक्क वापरत होतो, ते नाही म्हणायचा. बाकी गप्पा नेहमीसारख्या व्हायच्या, सुपारी हवी असली की विचारून माझ्या खिशातून घ्यायचे, आईचा निरोप सांगायचे. तिने माझ्यासाठी एकदा तिळाच्या वड्या पाठवल्या होत्या. पण पंपाला नाई म्हणजे नाई. वर्षभर हे चाललं, आणि मला त्याचा कंटाळा आला नाही.

पावसाळ्यात हुकूम आला. कोरडी सरकारी भाषा, पद पुढे चालू ठेवावं, आणि डायव्हरने एका माणसाला शिकवून तयार करावं. मी तो कागद मोठ्याने वाचला. खंडाऱ्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग शनिवार नसताना सायकल काढली आणि वलगावच्या रस्त्याला लागले. शिकण्यासाठी कोण हे विचारायची गरज नव्हती. गुलाबराव शेडच्या दारात उभा होता, आणि खाली उतरायचं म्हणून नव्हे तर आता आपली हवा कोण खाऊन पाहणार या विचाराने त्याचा चेहरा उतरला होता. खंडारे परत आल्यावर म्हणाले, मी हाये ना.

मी अकोल्याला बदलून गेलो. तिथे पाण्याच्या टाक्या, नळ, तक्रारी, लग्न, मुलं, सगळ्यांचं होतं तसं माझंही झालं. दहा वर्षांच्या आत असेल, साठचं दशक संपता संपता, परतवाड्याला कामासाठी जाताना मी वाट वाकडी करून तलावावर गेलो. बांधावरची बाभळीची झाडं मोठी झाली होती. विहिरीपाशी माणसं जमलेली दिसली आणि माझे पाय आपोआप भरभर पडायला लागले.

रबरी पोशाखात गुलाबराव होता. पोट सुटलेलं, मिशा पिकायला लागलेल्या. पायऱ्यांवर बसून तो शिशाचे बूट बांधत होता. पंपापाशी खंडारे, केस पांढरे झालेले, अंग सुकलेलं, छाती मात्र तशीच रुंद. दुसरं चाक धरायला एक नवा माणूस होता. त्यांनी मला पाहिलं. ओळख पटायला क्षणही लागला नाही. आई दोन वर्षांपूर्वी गेली, शेवटपर्यंत आवाजावरून ओळखत होती, असं त्यांनी एका दमात सांगितलं, जणू मी कालच विचारून गेलो होतो. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते. मुलगी अमरावतीला शिक्षिका झाली होती.

हवा तपासायची होती. टोप घडवंचीवर होता. मी सवयीने विचारलं, वर्षभर रोज नाई ऐकलेला तो प्रश्न, पंपाला हात लावू का? खंडाऱ्यांनी चाकावरचा हात काढला नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग गुलाबरावाला म्हणाले, "तुही हवा आज साहेबानं खाऊन पाह्यली तं चालन काय?"

गुलाबराव बूट बांधता बांधता थांबला. त्याला ते रॉकेल आठवलं असणार, चाळीसच्या आकड्याला धरलेलं डोकंही आठवलं असणार. तो हसला आणि म्हणाला, चालन.

मी आधी नव्या माणसाचं चाक मागितलं, कारण जो हवा देतो त्यानेच आधी खायची. पन्नासभर फेऱ्या घेतल्या, हात भरून आले. मग चाक त्याला परत दिलं आणि टोपात डोकं घातलं. तांब्याचा, रबराचा, तिळाच्या तेलाचा वास. कांद्याचा नाही. बाहेरचं सगळं बंद झालं आणि पंपाची चाल आणि माझा स्वतःचा श्वास तेवढा राहिला. गुलाबराव म्हणाला होता ते खरं होतं. मी मोजायला लागलो. जाळीमागच्या गोल काचेतून समोर खंडारे दिसत होते, चाक फिरवत, थोडे वाकलेले, आणि त्यांचे ओठ हलत होते. तेही मोजत होते. त्यांच्या हातची हवा माझ्या नाकात येत होती, आणि ती स्वच्छ होती.

शंभर झाले. त्यांनी चाक सोडलं, माझ्याजवळ आले, टोप काढण्यासाठी दोन्ही हात उचलले आणि मध्येच थांबवले. टोप आता माझ्या डोक्यावर होता. काचेपलीकडे त्यांचं तोंड हललं. आवाज ऐकू आला नाही, पण ते काय विचारत होते हे मला कळलं, आणि मी टोपासकट मान हलवली.